पोटाचं काम, घासाचं काम

जेवताना कुणाला ठसका लागला की आपल्या घरांत तीन गोष्टी आपसूक घडतात. एक हात पाठीवर येतो, दुसरा पाण्याचा पेला पुढे करतो, आणि कुणीतरी सांगतं, "वर बघ, वर बघ." आमच्या घरात या तिन्ही गोष्टी बंद आहेत. माझ्या लेकीसाठी पाणी हा सगळ्यांत अवघड पदार्थ आहे, आणि मान मागे गेली की तिची श्वासाची वाट आणखी उघडी पडते. तिला ठसका लागला तर किंचित पुढे झुकवायचं आणि खोकू द्यायचं. तो खोकलाच तिला वाचवतो. खोकला आणि आवाज दोन्ही बंद झाले तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकानं, सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईनंही, शिकून घेतलं आहे.

लेक साडेचार वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. ती रागावते, खुदकन हसते, जिन्यात आजीची चाहूल लागली की पाय नाचवते. पण तोंडातला घास वेळेवर मागे नेणं आणि नेमक्या त्याच क्षणी श्वास थांबवणं तिच्या स्नायूंना साधत नाही.

गिळणं आपण इतक्या लवकर शिकतो की ते कधी शिकलो होतो याचाच विसर पडतो. आईच्या पोटातलं बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भोवतालचं पाणी गिळू लागतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ मात्र साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याच्या फार आधी जन्मलेल्या बाळांना नळीनं दूध द्यावं लागतं ते यामुळेच. एक घास गिळायला २५हून अधिक स्नायूंच्या जोड्या लागतात, आणि मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी किमान ५ जोड्या त्यांना हुकूम देत असतात. जीभ घास मागे लोटते, मऊ टाळू वर उठून नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर सरकतं, श्वासनलिकेवर झाकण येतं, श्वास क्षणभर थांबतो, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घशातलं हे सारं साधारण एका सेकंदात उरकतं. हवेची आणि अन्नाची वाट घशात एकच असते, पुढे ती फुटते. रेल्वेचा सांधा गाडी येण्याआधी बदलावा लागतो, तसं इथं घास पोचण्याआधी सगळं जागेवर यावं लागतं. लेकीचा सांधा उशिरा बदलतो. पाणी तर धावतच येतं. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो, तिला तेवढी उसंत मिळते.

अशी मुलं आपल्याला वाटतात त्याहून बरीच असतात. कुणी फार लवकर जन्मलेलं, कुणाला डाउन सिंड्रोम, कुणाचा टाळू दुभंगलेला, कुणाची अन्ननलिका जन्मतःच जुळलेली नाही. आणि काही मुलं धडधाकट जन्माला आलेली असतात, पण घरात पाण्याच्या नाहीतर शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं अ‍ॅसिड पितात. अन्ननलिका आतून भाजते, बरी होताना आकसते, आणि मग लाळसुद्धा खाली उतरेना होते. अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन नावाच्या घशाच्या डॉक्टरांनी कॉस्टिक सोडा प्यालेली अशी मुलं इतकी पाहिली की असल्या डब्यांवर विषाची सूचना छापली जावी म्हणून ते वर्षानुवर्षं झगडले. तो कायदा १९२७ साली झाला. शंभर वर्षं होत आली, तरी संडास धुण्याचं अ‍ॅसिड बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून न्हाणीघरात ठेवण्याची सवय आपल्याकडे सुटलेली नाही. हे वाचून झाल्यावर आपल्या घरात एकदा बघून यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

या आजारात भीती ठसक्याची वाटते, पण खरी धास्ती ठसका न लागण्याची असते. काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न उतरतं आणि त्यांना खोकलाच येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, छान जेवतंय. खुणा असतात, पण बारीक: दूध प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होणं, जेवताना डोळ्यांत पाणी येणं, कपाळावर घाम, जेवणाला तासच्या तास लागणं, वजनाचा काटा न हलणं, आणि वरचेवर न्यूमोनिया. छातीचं दुखणं म्हणून औषध चालू राहतं. घशाकडे कुणी बघत नाही. लेकीची तपासणी झाली तेव्हा बेरियम कालवलेला घास तिला देऊन क्ष-किरणांनी त्याचा चालता चित्रपट काढला. पडद्यावर काळी रेघ सरळ अन्ननलिकेकडे निघाली, मग तिचा एक बारीक फाटा पुढच्या अंगाला श्वासनलिकेत उतरला. लेक तेव्हा समोरच्या सिस्टरकडे बघून हसत होती.

त्या दिवसानंतर आम्हाला जिचा खरा आधार मिळाला ती व्यक्ती स्पीच थेरपिस्ट होती. लोकांना याचं नवल वाटतं. मूल बोलत नाही म्हणून तिच्याकडे जायचं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण बोलण्याची आणि गिळण्याची अवजारं तीच, जीभ, ओठ, टाळू, स्वरयंत्र. म्हणून गिळण्याचे उपचारही त्यांच्याच अभ्यासात येतात. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग संस्था आहे, तिथं हे शिक्षण दिलं जातं. गावोगावच्या बालरोगतज्ज्ञांनी कागदावर 'स्पीच थेरपिस्टला दाखवा' हे तीन शब्द वेळेवर लिहिले, तर किती मुलांचे न्यूमोनिया टळतील.

खाण्याशी आपलं नातं फार खोल आहे. मूल सहा महिन्यांचं झालं की उष्टावण करायचं, मामाच्या मांडीवर बसवून खिरीचं बोट चाटवायचं. मग काऊचा घास, चिऊचा घास. पाहुणा उठला तरी आग्रह संपत नाही. रुसलेल्याची समजूत आपण त्याच्या आवडीचं करून घालतो, आणि फोनवर पहिला प्रश्न 'जेवलास का?' हाच असतो. यात कमीपणा काही नाही. आपली माया अशीच बोलते. पण ज्या मुलाला घासाचीच भीती आहे त्याच्यापर्यंत ही माया पोचायची कशी? घरातली सगळी माणसं चमचा घेऊन उभी, आणि मूल ओठ घट्ट मिटून बसलेलं. "मांडीवर आडवी घे गं सूनबाई, आणि ओत बोंडल्यानं, उतरतं आपोआप," असं एका मावशींनी माझ्या बायकोला सांगितलं, तेही प्रेमानंच. त्यांनी स्वतःची चार मुलं तशीच वाढवली होती. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी लहान मुलांवर अक्षरशः वापरली आहे. पण आडव्या निजलेल्या, रडणाऱ्या, श्वास ओढणाऱ्या मुलाच्या घशात ओतलेलं दूध कुठं जाईल, हे त्या काळ्या रेघेनं आम्हाला दाखवलं होतं.

या सगळ्यात एक गोष्ट मला अजून सलते. मूल वाळलेलं दिसलं की लोक आईकडे बघतात. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. लग्नात, बारशात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये लोक बायकोलाच विचारायचे, "काही खात नाही का ही? तू देतेस काय तिला?" मी शेजारी उभा असायचो, मुलगी माझ्या कडेवर असायची, तरी प्रश्न तिलाच. बाईनं दिवसाचे सहा-सहा तास चमचा हातात धरलेला असतो, एकेका चमच्यासाठी गाणी म्हटलेली असतात, आणि रात्री वजनाचा विचार करत ती जागी असते. तिला आणखी एक पाककृती सांगू नका. जमलं तर म्हणा, "मी तासभर बसतो हिच्यापाशी, तू आंघोळ करून ये."

आमच्या थेरपिस्टबाईंनी एकदा साधा प्रश्न विचारला होता: "जेवण किती वेळ चालतं?" आम्ही म्हणालो, तास-सव्वातास. त्या म्हणाल्या, "अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की तिला त्यातून जेवढं मिळतं, त्याहून जास्त तिचं खर्च होतं. आणि तुम्हा दोघांचंही." मग त्यांनी पोटातल्या नळीचा विषय काढला.

मला जे सांगायचं आहे ते इथं आहे. आपण आयुष्यभर एकच समजून चालतो, पण ही दोन कामं आहेत. एक पोट भरण्याचं, म्हणजे उष्मांक, पाणी, औषधं, वाढीला लागणारं सगळं. दुसरं घासाचं: चव, वास, पंगतीत बसणं, कुणीतरी आपल्यासाठी हात पुढे करणं, आपण मान हलवून 'नको' म्हणणं आणि ते ऐकलं जाणं. गिळता येणाऱ्या मुलात ही दोन्ही एकाच ताटात पार पडतात. लेकीच्या बाबतीत ती एकत्र बांधलेली राहिली तर दोन्ही बुडत होती. पोट भरायचं म्हणून घास लादावा लागायचा, आणि घास लादल्यामुळे तिला ताट दिसलं तरी रडू यायचं.

पोटाच्या कातडीतून थेट जठरात बसवायची ही नळी, पेग, एका मुलासाठीच जन्माला आली. १९७९च्या जूनमध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की या दोन डॉक्टरांनी मोठी चीरफाड न करता, दुर्बिणीच्या मदतीनं, साडेचार महिन्यांच्या एका बाळाला ती पहिल्यांदा बसवली. पोट उघडावं लागू नये, अशक्त बाळाला मोठ्या शस्त्रक्रियेचा ताण नको, एवढीच त्यामागची कळकळ. आज जगभर लहानमोठ्या लाखो माणसांना तिचा आधार आहे.

तरीही 'पोटाला भोक' हे शब्द घरात आले तेव्हा सगळं घर गप्प झालं. माझ्या आईनं दोन दिवस विषय काढला नाही. मग एका संध्याकाळी म्हणाली, "म्हणजे ती आता कधी माझ्या हातचं खाणार नाही का रे?" तिच्या मनात नळी म्हणजे हार होती. बऱ्याच आईबापांच्या मनात असते. आपण कमी पडलो, आणखी थोडं रेटलं असतं तर जमलं असतं, असं वाटतं. मला तसं वाटत नाही. चष्मा लावणं म्हणजे डोळ्यांनी हार पत्करणं असं आपण मानत नाही. मग इथंच का मानायचं?

नळी बसली आणि हळूहळू घरातली हवा बदलली. आम्ही पानावर बसतो तेव्हाच तिचंही जेवण सिरिंजनं नळीत जातं, ती आमच्यामध्ये तिच्या खुर्चीत, पाठ सरळ, पाय टेकलेले, हनुवटी जराशी खाली. वजन वाढू लागलं. औषधं कडू लागेनाशी झाली. पोट भरलेलं असल्यानं आता चमच्याला घाई नव्हती. थेरपिस्टबाईंनी तपासून ठरवून दिलेले थोडे घास तेवढे तोंडानं. प्रत्येक मुलाला तेवढीही मुभा नसते, आणि ती आपल्या मनानं घ्यायचीही नसते. पण आम्हाला ती मिळाली, आणि कितीतरी महिन्यांनी लेकीनं चमचा बघून आपणहून तोंड उघडलं.

आता स्वयंपाकघराकडे मी निराळ्या नजरेनं बघतो. मऊ म्हणजे सोपं, पातळ म्हणजे पचायला हलकं, हा आपला आडाखा इथं चालत नाही. ताकभात आजारी माणसाचं अन्न, पण लेकीसाठी तो फसवा: ताक पुढे पळतं, भाताची शितं मागे राहतात, आणि एका घासाला दोन वेगांनी गिळावं लागतं. दूधपोहे, पातळ आमटीत कालवलेला भात, शितं सुटी असलेली खीर, चावताच रस सुटणारी संत्र्याची फोड, सगळ्यांची तीच गत. याउलट चक्का नीट फेटून केलेलं श्रीखंड, वेलदोड्याचे दाणे न घातलेलं, एकसंध, चमच्याला धरून राहणारं, तिच्या घशाला मानवतं. गुढीपाडव्याला तिच्या वाट्याला सणाचाच पदार्थ आला याचा आईला केवढा आनंद झाला!

अंदाजानं काही होत नाही, मोजावं लागतं. पेयं आणि अन्न यांच्या घट्टपणाची ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय पायरी ठरलेली आहे, आयडीडीएसआय. तिची चाचणी घरात होते. ठरावीक मापाची, सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्यायची, खालचं तोंड बोटानं दाबून १०च्या खुणेपर्यंत पेय भरायचं, बोट काढून १० सेकंद वाहू द्यायचं. पाणी सगळं निघून जातं. १ ते ४ मिली मागे उरलं तर पहिली पायरी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८च्या वर उरलं तर तिसरी. लेकीला तिसरी आणि तिच्या वरची, ओतता न येणारी, चमच्यात आकार धरून राहणारी चौथी चालते. नाचणीची आंबील गरम असताना धावते आणि निवली की थापून बसते, म्हणून ती ज्या ऊनपणात द्यायची त्याच ऊनपणात मोजावी लागते. शिवाय पिठानं घट्ट केलेलं पेय लाळ मिसळली की पुन्हा सैल होतं. उष्टा चमचा वाटीत बुडवत राहिलं तर वाटीतलं शेवटचं पेय पहिल्यासारखं राहत नाही. म्हणून आम्ही थोडं वेगळ्या वाटीत काढून घेतो. कशानं घट्ट करायचं, किती करायचं, हे मात्र तज्ज्ञांना विचारूनच. फार लहान बाळांना सगळीच घट्ट करणारी द्रव्यं चालत नाहीत.

दात घासणं हाही या आजारावरचा उपचारच आहे, आणि तो फार घरांत राहून जातो. तोंडानं खात नाही तर दात कशाला घासायचे, असं वाटतं. पण लाळ तर घशात उतरतेच. तोंड अस्वच्छ असेल तर तिच्याबरोबर जंतू छातीत जातात. लेकीचे दात दोन्ही वेळा मीच घासतो, ब्रश जेमतेम ओला करून, तिला पुढे झुकवून. तिला ते आवडत नाही. तरी करतो.

खर्चाचं बोलायचं तर सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची, आणि तिच्यात थेरपीचाही समावेश आहे. ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत हे नाव पोचत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

जूनमध्ये लेक बालवाडीत जाईल. तिथल्या ताई उत्साही आहेत, जरा घाबरलेल्याही आहेत. त्यांच्यासाठी आम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देणार आहोत. पाणी तोंडानं अजिबात नाही, तहान लागली तर नळीतून, कसं ते आम्ही दाखवू. मान मागे जाऊ देऊ नका. कुणी प्रेमानं शेंगदाणा, द्राक्ष, खाऊतली गोळी पुढे केली तर हळूच अडवा, त्या मुलाला रागावू नका. ठसका लागला तर पुढे झुकवा आणि खोकू द्या. आवाज ओला वाटला, अंगात ताप आला, तर लगेच फोन करा. एवढं झाल्यावर बायकोनं खाली तिच्या हातानं आणखी लिहिलं: डबा खायच्या वेळी तिला बाहेर नेऊ नका. सगळ्यांबरोबर गोलात बसवा. तिच्या डब्यात श्रीखंड असेल, तीन चमचे, ती मागेल तेवढेच. तिनं तोंड फिरवलं तर तिचं जेवण झालं.